शेजाऱ्याचं आडनाव आणि माळ्यावरची खोली

समस्त मराठी भाषक सज्जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मौजे आल्मेरे, देश नेदरलँड्स, येथे समुद्रसपाटीच्या चार हात खाली असलेल्या एका दिवाणखान्यात, इंग्लंडमधील एका अतिदुर्मीळ आडनावाचे मूळ, अर्थ व सद्यःस्थिती यांचा शोध पूर्ण झालेला आहे. शोधकर्ते अस्मादिक. सदर शोधाने जगाचे काडीचेही भले झाले नाही. एका मुलीचे मात्र नुकसान झाले.

आता ही दवंडी बाजूला ठेवतो आणि माणसासारखं बोलतो.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते लावणारे लोक आता इतके थोडे उरलेत की नाव लिहिणं म्हणजे त्यांच्यापैकी कुणाच्या तरी दारावरची बेल वाजवून पळून जाण्यासारखं होईल. माझा डाव्या हाताचा शेजारी त्यातला एक. इंग्रज, सत्तरी ओलांडलेला. डच बायकोपायी तरुणपणी इकडे आला. बायको गेली, तो राहिला. कुंपणावरून गप्पा मारताना एकदा म्हणाला, "माझी आई सांगायची, आम्ही राजाच्या ससाण्यांची निगा राखणारे. म्हणून हे आडनाव."

आडनाव म्हटलं की मला राहवत नाही. पुण्यात कॉलेजात असल्यापासूनचा हा नाद. कुणाचं गावावरून पडलेलं, कुणाचं हुद्द्यावरून, कुणाचं खापरपणजोबांच्या नाकावरून. चार माणसं जमली की मी उभा राहतो आणि एकेकाचं आडनाव उलगडून दाखवतो. लोक हसतात, टाळ्या देतात. मला ते फार आवडतं. माझं स्वतःचं आडनाव असं आहे की ते ऐकून कुणी कधी पुढे काही विचारत नाही. याचा अर्थ पन्नाशी गाठेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता.

तर बसलो संगणकासमोर. इंग्लंडातल्या चर्चांच्या जुन्या नोंदवह्या आता घरबसल्या वाचता येतात. आडनाव टाकलं की कुठल्या काळात ते कुठे किती होतं त्याचे ठिपके नकाशावर दाखवणाऱ्या साइट आहेत. जुन्या नकाशात उत्तरेकडच्या एका परगण्यात ठिपक्यांची चांगली दाटी. आजच्या नकाशात ब्रशवरचे चार शिंतोडे उडावेत तसे, इथे एक, तिथे एक. आणि एका नोंदवहीत बाप्तिस्म्याच्या रकान्यात बापाच्या नावापुढे त्याचा धंदा लिहिलेला सापडला. तोच धंदा, तेच आडनाव. मी कोश उघडून खात्री केली. मग चहाचा थर्मास घेऊन शेजाऱ्याकडे गेलो.

"राजा नाही," मी म्हणालो.

"अरेरे. ससाणा?"

"ससाणाही नाही. पण घोडा आहे."

"घोडा म्हणजे छानच की!"

"मेलेला," मी म्हणालो. "तुमचे पूर्वज मेलेली जनावरं ओढून न्यायचे आणि कातडी सोलायचे."

म्हातारा असा हसला की चहा सांडला. "आईला हे कळलं असतं तर ती पुन्हा मेली असती!"

आडनाव दुर्मीळ का झालं, तेही मी त्याला सांगितलं. वंश बुडाला असं नव्हे. लोकांनीच एक अक्षर बदललं. त्या एका अक्षराने कातडी सोलणाऱ्याचं फुलझाड झालं. फुलझाडवाले आजही इंग्लंडात ढिगाने आहेत. ज्यांना अक्षर बदलायचं सुचलं नाही किंवा ज्यांनी हट्टाने बदललं नाही, ते एवढेच उरले. म्हातारा खूश. पुढच्या आठवड्यात त्याने दारावरच्या नावाच्या पाटीखाली सोलायच्या सुरीचं चित्र रंगवून घेतलं. पोस्टमनला थांबवून अर्थ सांगायचा.

आता ती मुलगी. ॲमस्टरडॅमच्या गाडीत ती आईशी मराठीत बोलत होती, मी न राहवून वळलो, आणि ओळख झाली. नागपूरकडची, नुकतीच नोकरीला लागलेली. कंपनीने दिलेली तात्पुरती जागा महिनाअखेर सोडायची होती आणि दुसरी मिळत नव्हती. इथे घर मिळणं किती कठीण आहे ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यातही नोंदणी करू देणारी जागा हवी. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पत्ता नोंदवला नाही तर तुमचं सगळंच अडतं, बँकेपासून डॉक्टरपर्यंत. मी छाती ठोकून म्हणालो, "काळजी करू नकोस. काका आहे ना!"

माझा एक जुना मित्र आल्मेरेतच राहतो. मोठं घर, तिसऱ्या मजल्यावर माळ्याची खोली, स्वतंत्र न्हाणीघर. ती त्यांना भाड्याने द्यायची होती. तो मला म्हणालाच होता, "आपल्यातलं कुणी असेल तर बघ रे." मी मुलीला रविवारी दुपारी त्यांच्याकडे मिसळीला घेऊन गेलो. इंग्रज शेजाऱ्यालाही नेलं. त्याचं आडनाव लोकांना दाखवायचं होतं ना! सर्कशीत हत्ती दाखवतात तसं.

जेवणाआधी वहिनींनी तिला खोली दाखवली. मीही मागे गेलो होतो. टेबल खिडकीशी की भिंतीशी, यावर दोघींची चर्चा झाली. वहिनी म्हणाल्या, "पडदे मात्र तुझ्या आवडीचे घे गं, हे मला कधी आवडलेच नाहीत." मुलीने मोबाइलवर खिडकीचा फोटो काढला, मापं लिहून घेतली. खाली येताना माझ्या कानाशी म्हणाली, "काका, मी आजच आईला सांगते." खोली तिची झाली होती.

मग मिसळ झाली, ताक झालं, आणि मी उभा राहिलो.

काय रंगलो होतो! ससाणा, राजा, घोडा, मेलेला घोडा. इंग्रज शेजारी सोलायची सुरी कशी धरतात ते चमच्याने करून दाखवत होता. बारा-पंधरा माणसं हसून हसून बेजार. कुणीतरी म्हणालं, "मानलं बुवा! केवढा दिलखुलास माणूस!" एकाने उठून त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मी फुलझाडाचा किस्सा सांगितला आणि शेवटी हात पसरून म्हणालो, "लाज वाटली ते सगळे झाड झाले, आणि उरले ते हे!" टाळ्या.

"आता आमचं सांग," मित्र म्हणाला. मग मी एकेकाचं घेत गेलो. मित्राचं कोकणातल्या गावावरून. त्याच्या साडूचं कुठल्याशा दरबारी हुद्द्यावरून. एका बाईंचं माहेरचं आणि सासरचं मिळून कसं भांडण होतं, ते. आणि मग मुलीकडे वळलो.

"आता तू!"

"माझं काही विशेष नाहीये, काका."

"विशेष नाही असं आडनाव जगात नसतं. बोल."

तिने स्वतःचं नाव सांगितलं, पुढे वडिलांचं. "मी एवढंच लावते."

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मला अजून तिचा तो चेहरा दिसतो. घाबरलेला नव्हता. कंटाळलेला होता. हा प्रश्न तिला किती वेळा, किती प्रेमळ काकांनी विचारला असेल! पण समोर बारा-पंधरा माणसं बसली होती, आणि मला टाळ्या हव्या होत्या.

"ते झालं नाव," मी नाटकी सुरात म्हणालो. "आडनाव?"

"पासपोर्टवर असेलच की काहीतरी!" साडूंनी साथ दिली. सगळे हसले.

तिने वाटी खाली ठेवली आणि आडनाव सांगितलं.

कुणीही काही वाईट बोललं नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. साडू "अच्छा" म्हणाले. एका बाईंनी मान डोलावली, कोडं सुटल्यावर डोलावतात तशी. वहिनी "पाव बघते" म्हणून उठल्या. पाव संपून अर्धा तास झाला होता.

आणि मी? मला त्या आडनावाचा अर्थ माहीत होता. अगदी जिभेवर होता. एका नदीकाठच्या गावावरून पडलेलं आडनाव, माझ्या मित्राच्या आडनावापेक्षा जुनं असेल. त्या गावाबद्दल मी दोन मिनिटं सहज रंगवू शकलो असतो. मी म्हणालो, "वा, छान." आणि तिच्या पलीकडे बसलेल्या गृहस्थांकडे वळलो. "हं, तुमचं?"

आपण तिला सांभाळून घेतलं, असं मला तेव्हा वाटलं. खरंच वाटलं. इंग्रज शेजाऱ्याने माझी बाही ओढून विचारलं, "हिचं राहिलं ना?" मी म्हणालो, "नंतर." कातडी सोलणाऱ्याच्या पणतवंडाशी हस्तांदोलन करणारी माणसं त्याच खोलीत होती, आणि मेळ चुकतोय हे त्यांच्याइतकंच मलाही दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं, आणि मी पुढच्याचं आडनाव विचारत होतो.

निघताना वहिनी दारात म्हणाल्या, "अगं, यांचा एक चुलतभाऊ येणारे बहुतेक पुढच्या महिन्यात. नक्की नाहीये. कळवतो हं आम्ही." आवाज इतका गोड की मीच जरा वेळ विश्वास ठेवला.

बाहेर तिने सायकलचं कुलूप काढलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून हवेवर बोललो. ती म्हणाली, "काका, पडद्यांचा एक खर्च वाचला बघा." हसली आणि गेली. ते हसू माझ्यासाठी होतं, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

दोन दिवसांनी मी मित्राला फोन केला. मनात भाषण तयार होतं. तो म्हणाला, "हे बघ, आमचं तसलं काही नाही, तू ओळखतोस मला. पण माळ्यावर जाताना वाटेत देवघर लागतं, आणि हिची आई उन्हाळ्यात येते राहायला. जुनी माणसं रे. उगाच त्या पोरीलाच अवघड."

भाषण कुठे गेलं कोण जाणे. मी म्हणालो, "हो रे, समजू शकतो." हे माझे शब्द. मीच बोललो. बारा वर्षांची मैत्री, दर गणपतीला एकत्र आरती, आणि फोनवर भांडायला माझ्याकडे आवाज नव्हता. स्टेजवरचा आवाज मात्र कसा खणखणीत!

बायको समोर भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं. ती त्या रविवारीही होती आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती, पण मी मुलीकडे वळलो तेव्हा तिने खाली पाहिलं होतं. आता एवढंच म्हणाली, "समजू शकतोस ना? मग समज." आणि उठून वर गेली. थोड्या वेळाने मी बघतो तर ती मुलीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, खोलीतून इस्त्रीची फळी काढून जिन्यात ठेवत होती. मग बंद पडलेला प्रिंटर. मग जुन्या चादरींचं गाठोडं.

हे मी तुम्हाला आतापर्यंत सांगितलं नव्हतं. आमच्याही घरात एक खोली रिकामी होती. मुलगी एनस्खेडेला शिकायला गेली, तिने तिकडेच खोली घेतली, आणि तिच्या इथल्या खोलीत आम्ही अडगळ टाकत होतो. गाडीत त्या पोरीला "काका आहे ना" म्हणताना ती खोली माझ्या डोळ्यांसमोर आलीसुद्धा नव्हती. दुसऱ्याच्या घरातली खोली देणं किती सोपं असतं! शिवाय मुलगी कधीतरी शनिवार-रविवारी येते, घरात परकं माणूस नको, असं आम्ही बरंच काही म्हणू शकलो असतो. कुणी विचारलंच नाही म्हणून म्हणावं लागलं नव्हतं.

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून पुढचं आधी सांगतो. महिना संपायच्या आत तिला रॉटरडॅममध्ये जागा मिळाली. घरमालकीण एक सुरीनामी आजी. तिने एवढंच विचारलं म्हणे, की मासे तळताना खिडकी उघडशील ना? पत्त्याची नोंद झाली. कामाला यायला गाडीत बराच वेळ जातो, पण आमच्या गाडीत आता ती नसते.

पण हे व्हायच्या आधी, त्या दुपारी, जिन्यातली अडगळ ओलांडून मी मागच्या अंगणात गेलो आणि तिला फोन लावला. कुंपणापलीकडे शेजारी झाडांना पाणी घालत होता. मी आधी माफी मागितली. चांगली लांबलचक मागितली, मधे एक उसासासुद्धा टाकला, आणि टाकताना मला कळलं की मी याही वेळी रंगवतोय. मग घाईने म्हणालो, की आमच्याकडे एक खोली आहे, मोठी आहे, खिडकी बागेकडे आहे, नोंदणी करता येईल, आजच ये हवं तर.

मग तिच्या तोंडून निघून गेलं,

"अहो काका, ही खोली रविवारपर्यंत कुठे होती?"