दसऱ्याला ओवाळलेली बॅटरी

साठ-एकसष्टची गोष्ट. लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. पुसदला पुढच्या खोलीत यजमानांचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान, मागच्या खोलीत आमचा संसार. दसऱ्याच्या चार दिवस आधी एका तांड्यावरच्या रेडिओची बॅटरी आली. कित्येक महिने तशीच पडलेली, पार बसलेली. मी म्हटलं, "मेली हे बॅटरी." तर हे हसले. "मेली नाही, उपाशी हाय. उपाशी माणसाले एकदम पुरणपोळी चारतेत का? हिले हळूहळूच पाजा लागते." तीन दिवस अगदी कमी करंटवर लावून ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी तिच्या उघड्या भोकांतून बुडबुडे येऊ लागले. हे खूश. मलाही वाटलं, जगली बाई! माझ्या माहेरी दसऱ्याला नांगरापासून विळ्यापर्यंत सगळ्यांना ओवाळत. मी लग्नातलं हिरवं लुगडं नेसले, निरांजन लावलं. हे बॅटरीवर वाकून पाणी बघत होते. म्हटलं, दोघांनाही एकदमच ओवाळू. माझी अक्कल! त्या बुडबुड्यांतला गॅस पेट घेतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

धाडकन आवाज झाला, बॅटरीतलं ॲसिड उडालं. हे दोन्ही डोळे धरून ओरडले, "तेजाब! पाणी टाक, पाणी!" मी अख्खा रांजण त्यांच्या तोंडावर रिता केला. दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा डोळे धुतले, पट्टी बांधली आणि म्हणाले, "डोळे वाचले का, ते आठ दिवसांनी कळेल."

गावाहून सासूबाई धावत आल्या. कसं झालं म्हणून विचारलं, तर हे पट्टीआडून म्हणाले, "म्याच बिडी पेटवली." जन्मात बिडी ओढली नव्हती या माणसानं! मी भीतीनं गप्प बसले. खरं कळलं तर पांढऱ्या पायाची म्हणून मला माहेरी धाडतील. आणि डोळेच गेले तर?

आठव्या दिवशी तेच लुगडं धुऊन नेसले. चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं. दवाखान्यात सासूबाईंसमोरच पट्टी सुटली. हे नुसतेच डोळे मिचकावत राहिले. मी जवळ जाऊन कसंबसं विचारलं, "अहो, दिसते का?"

हे माझ्याकडे तोंड करून बसले होते. सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पदर लपव आधी. तेजाबानं भोकं पडून राह्यली त्याले. आई इचारन, बिडी माही, तं पदर तुहा कसा जळला?"

मी पदर लपवला नाही. तोच तोंडात कोंबला आणि तिथंच खाली बसून रडले.