दसऱ्याचं नवं तेल

तुम्हाला शेवटचं कुणी उचलून नेलं होतं, ते आठवतं का? लहानपणी, जत्रेतून येताना झोप लागली म्हणून, बापाच्या खांद्यावर. असंच ना? ती आठवण गोड लागते, कारण ती कधीच मागं पडलीय. दीपमाला बनकरची तिशी आली तरी तिचं उचललं जाणं मागं पडलं नव्हतं. डावा पाय पोलिओनं नेलेला, त्यावर लोखंडी कॅलिपर. एसटीच्या पायऱ्या उंच, जीपच्या त्याहून. कुणीतरी काखेत हात घालायचं, कुणीतरी ओरडायचं, "धरा रे बाईला!" आणि पोतं चढवावं तशी ती चढवली जायची. उचलणारे सगळे वाईट नसतात. पण सगळ्यांचे हात चांगले नसतात, हे बायकांना सांगावं लागत नाही.

मग तिनं गाडी घेतली. जुनी, दोघांच्या हाताखालून आलेली पांढरी झेनारा. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलेलं, पण गाडी ऑटोमॅटिक. क्लचची भानगडच नाही, सगळा कारभार उजव्या पायाचा. मुकुंदवाडीहून निघून, दौलताबादचा घाट चढून, खुलताबादच्या शाळेत ती आपली आपण जायला लागली. सातवी-आठवीच्या पोरींना विज्ञान शिकवते. फाटकात हॉर्न वाजवला की पोरी बाजूला होतात. त्या हॉर्नची किंमत "धरा रे" न ऐकलेल्याला कळायची नाही.

"नवी घ्या ना", "तीनचाकी स्कूटर घ्या ना" म्हणणारे लई भेटतात. विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरणीला नवी ऑटोमॅटिक कोण देतो हो? आणि स्कूटरचे दणके तिच्या वाकड्या मणक्याला सोसले नाहीत, डॉक्टरनं बंद करायला लावली. सल्ला फुकट असतो, म्हणून माणसं तो उधळतात.

आता चूक ऐका. चूक तिचीच. तिचा बाप कडूबा जन्मभर लोकांचे ट्रॅक्टर चालवत होता. दसऱ्याला माणसाला नवं कापड आणि गाडीला नवं तेल, हा त्याचा नेम. यंदा तिनंही तो पाळायचं ठरवलं. खंडेनवमीला मुकुंदवाडीतल्या सत्यमच्या गॅरेजवर गाडी लावली. सत्यमनं इंजिनचं तेल बदललं, मग गिअरबॉक्समधल्या तेलाचा थेंब बोटावर घेतला.

"ताई, हे तेल हाय का डांबर? बदललं कधी होतं?"

"मी घेतल्यापासून तर नाय."

"मग आज बदलूच. सणासुदीला पोटात घाण कशाला ठेवायची?"

त्यानं होतं नव्हतं ते सगळं काढलं, आतून धुऊन घेतलं आणि लालभडक नवं तेल भरलं. वर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. दीपमालानं गाडीला हळदकुंकू वाहिलं.

सुट्टी संपली. पहिल्याच सकाळी घाटात, रस्त्यावरच्या जुन्या दगडी दरवाजाच्या अलीकडच्या वळणावर, गाडीनं दम सोडला. इंजिन बोंबलतंय आणि चाकं ऐकत नाहीत. मग गाडी मागं सरकायला लागली. मागं पाहुण्यांनी भरलेली ट्रॅव्हलर. दीपमालानं ब्रेकवर सगळा भार टाकला, हँडब्रेक ओढला. ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर उतरून आला.

"ओ मॅडम, गाडी जमत नाय तर घरी बसा ना!"

एरवी तिनं त्याला उभा सोलला असता. तोंड उघडलं, तर हुंदकाच बाहेर पडला.

टोचन लावून, ओढत गाडी खाली आणली. मोठ्या वर्कशॉपवाल्यानं कॉम्प्युटरमध्ये बघून मान हलवली, पार्टच येत नाहीत म्हणाला. दुसरा म्हणाला, "मॅन्युअल करून टाका, क्लच बसवून देतो. झंझट खतम." तिनं सलवार वर करून कॅलिपर दाखवलं. "यानं दाबू का क्लच?" तो जमिनीकडं बघायला लागला. तिसराही तेच बोलला. चौथ्याला तिनं कॅलिपर दाखवलंच नाही, शिवी हासडली.

शेवटी शहरातल्या जिन्सी मोहल्ल्यातला वहाबभाई. ऑटोमॅटिक गाडीचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, उघडायची हिंमत करणारा म्हणून त्याचं नाव, आणि ते नाव तो स्वतःच चारचौघांत घेतो. त्यानं डबा खोलला तसा जळका वास सुटला. आत एकावर एक रचलेल्या गोल चकत्या असतात, त्यांना अस्तर असतं. चकत्या एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा कुठं इंजिनचा जोर चाकाला पोचतो. इथं अस्तरच उडालेलं. चकत्या काचेसारख्या गुळगुळीत.

"तेल किसने बदला?"

"दसऱ्याला बदललं."

"पूरा? अंदर से धो के?"

"व्हय."

वहाबभाईनं कपाळावर हात मारला, कपाळ काळं झालं. "अरे बाई, दसरा गाडी का था, गिअरबॉक्स का नहीं! झिजलेल्या चकत्यांचा भुगा होता त्या काळ्या तेलात. त्याच्याच पकडीवर तर चालली होती बिचारी."

"म्हणजे घाण तशीच ठेवायची होती?"

"थोडी तो रखना था! थोडं काढायचं, थोडं भरायचं. म्हाताऱ्याला एकदम थंड पानी से नक्को नहलाओ, मर जाता."

तिला हसू आलं. हसता हसताच तिनं विचारलं, "पण होईल ना?"

"वहाब के हाथ से नहीं हुआ, ऐसा बताओ कुछ."

त्यानं दुसऱ्या गाडीच्या चकत्या घासून मापात बसवल्या. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी पळाली. मग वहाबभाई शेजारी बसला आणि दोघं घाटाला निघाली. चढाला सुरुवात होते न होते तोच इंजिन पुन्हा एकटंच किंचाळायला लागलं. दीपमालानं गाडी वळवून उतारावर सोडली. वहाबभाई खिडकीकडं तोंड करून बसला, ते जिन्सी येईपर्यंत.

डबा पुन्हा खोलला. ज्या पोलादी ड्रममध्ये या चकत्या बसतात, त्याचीच भिंत चिरलेली. "ये घर में नहीं बनता, बाई," तो म्हणाला. आवाजातली मिजास गेली होती. "दुसऱ्या झेनाराचाच पाहिजे."

तेव्हापासून शोध चाललाय. शहरातला भंगार बाजार झाला, नगर झालं, मालेगाव झालं. वैजापूरला एका आडत्याच्या गोदामामागं एक झेनारा सडत असल्याचं कळलं. वहाबभाई सगळं काम टाकून गेला. आडत्यानं आदल्याच आठवड्यात ती कापून विकली होती. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा राहिला होता.

आणि दीपमाला पुन्हा काळ्यापिवळ्या जीपनं जाते. पुन्हा तेच हात. मधे उतरायची वेळ आली तर आणखी एकदा उचलतील, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. ओठ फुटलेत, मधे लघवीच्या जळजळीनं ताप येऊन गेला. मुख्याध्यापिका ताहेरा मॅडम बाई मायाळू. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"दीपमाला, जूनपासून घराजवळची शाळा बघ ना गं. तुझे हाल बघवत नाहीत."

"माझे हाल बघू नका मॅडम, माझा तास बघा."

बोलली खरी. पण तिला ठाऊक आहे, कीव हळूहळू माणसाची जागा दुसऱ्याला देऊन टाकते, आणि कीव करणाऱ्याशी भांडताही येत नाही. मुकुंदवाडीतल्या शाळांत ती आधीच विचारून आलीय. कुठंच जागा नाही. रोज संध्याकाळी ती वहाबभाईला फोन लावते. तो म्हणतो, "नहीं मिला, बाई." खोललेला गिअरबॉक्स जुन्या चादरीत गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलाय.

झेनारा रस्त्यावर दिसत नाही, पण असते. कुणाच्या मामाच्या शेडमध्ये, कुलूप लागलेल्या बंगल्याच्या फाटकाआड, वाटण्यांच्या भांडणात अडकून चिंचेखाली. तुमच्या गल्लीत अशी एखादी असेल, तर काचेवरची धूळ पुसून आत बघा. गिअरच्या दांड्याशेजारी पी, आर, एन, डी अशी अक्षरं असली, म्हणजे ऑटोमॅटिक असली, तर तिला भंगारवाल्याच्या हाती पडू देऊ नका. मालकाला आजच गाठा, आणि जिन्सीत कुणालाही विचारून वहाबभाईपर्यंत निरोप पोचवा.