पाकिटावरची मंजुळा

लालबागच्या आमच्या चाळीत उत्तम घाडीला सगळे फोटोवाला म्हणायचे. गिरणीत साच्यांवर कापड विणणारा हा माणूस संपात घरी बसला आणि हौसेने घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून दुकानं पालथी घालू लागला. मिठाईवाला, शिंपी, भांडीवाला, ज्याला जाहिरातीसाठी फोटो हवा त्याला काढून द्यायचा. या धंद्याचा नियम साधा: फोटो विकायचा, निगेटिव्ह आपल्याकडे ठेवायची. पुन्हा छापायचं झालं की गिऱ्हाईक पुन्हा येतं, पुन्हा पैसे देतं. उत्तमने हा नियम एकदाच मोडला.

मसालेवाल्या रामजीशेठला पाकिटावर एक हसरी बाई हवी होती. उत्तमने शेजारच्या मंजुळेला उभं केलं. तिचा नवराही संपावर. ती खानावळीच्या भाकऱ्या थापून घर चालवायची. कडेवर तान्ही मालन.

"चेडवाक जरा खाली ठेव गे वहिनी," उत्तम म्हणाला.

"खाली ठेवलंय तर रडतला ता. तू काढ तुझो फोटो," मंजुळा म्हणाली आणि हसली.

तेच हसू फोटोत आलं. छापताना शेठने पोरीला कापून टाकलं. शिवाय निगेटिव्हही मागून घेतली आणि बदल्यात तांदळाची गोण दिली. उत्तमच्या घरात दाणा नव्हता. मंजुळेला काय मिळालं? मसाल्याचं एक पाकीट! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

संप चिघळला, आणि त्यातच मंजुळा काविळीने गेली. नवरा गावी निघून गेला, मालन चाळीतच आत्याकडे वाढली. मंजुळेचा दुसरा फोटो नव्हता. पण पाकिटावर ती हसतच राहिली. वाण्याच्या दारात दोरीला लटकून हसायची, गटाराच्या कडेला चिखलात पडूनही हसायची. उत्तमला रस्त्याने चालायची भीती वाटू लागली. फाटकं पाकीट दिसलं की तो उचलायचा, सदऱ्याला पुसायचा, आणि टाकवत नाही म्हणून खिशात घालायचा. निगेटिव्ह परत मागायला गेला की शेठचं उत्तर ठरलेलं: "विकत घेतलीय मी."

मालन मोठी झाली. एकदा ती वाण्याकडे तेच पाकीट घेताना उत्तमला दिसली.

"एवढा मसाला लागतो गो तुला?"

"मसाला देऊन टाकते मी कुणालातरी, काका. आई पायजे असते. भिंतीला लावते ना, ओल येऊन रंग जातो. मग नवीन घेते."

पोर स्वतःच्या आईचा चेहरा पैसे देऊन विकत घेत होती. मूळ फोटोत आईच्या कडेवर तूही आहेस, हे उत्तमने तिला सांगितलं नाही. निगेटिव्ह मिळालीच नाही तर काय तोंड दाखवायचं?

शेठ वारला. मुलगा जगदीश गादीवर बसला.

"काका, ही बाई आता जुनी दिसते. नवीन मुलगी आणलीय, फोटो तुम्हीच काढा. पैसे बोला."

"पैसे त्या मुलीला दे. पाकीट छापशील तोवर, दर वर्षी. मला जुनी निगेटिव्ह दे."

जगदीशला हा व्यवहार विचित्रच वाटला, पण तो कबूल झाला. माळ्यावरच्या डब्यातून निगेटिव्ह निघाली, ती दमट हवेने कागदाला चिकटलेली. उत्तमने पाण्यात भिजवून जपून सोडवली. तरी वरचा थर कागदाबरोबर निघून आला. मंजुळेचा चेहरा गेला. खाली उरलं लुगडं, एक हात आणि कडेवरची पोर.

तसाच फोटो छापून तो मालनकडे गेला.

"चेहरा वाचवता नाही आला गो. माफ कर मला."

मालनने फोटो उजेडात धरला. "ही मी?"

"तूच."

तिने पोरीच्या कमरेभोवतीच्या बोटांवर आपलं बोट ठेवलं. आईसाठी ती कधी रडलेली आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. तिथे रडली.

"केवढं घट्ट धरलंय मला," म्हणाली.