कौलं फेकता फेकता सुधारलेला थ्रो

शनिवारी सकाळी सहापासून मी आमच्या मालगुंडच्या घरामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बॉल मारत होते. चिऱ्यावर खडूने गोल काढलेला, दहातले नऊ थ्रो बरोब्बर गोलात... आणि तरी मी थांबत नव्हते.

कारण रविवारी जिल्ह्याच्या बेसबॉल टीमची ट्रायल होती. आणि माझा थ्रो फक्त दगडालाच नीट लागतो. समोर माणूस आलं की संपलं!

मी थर्ड बेसला खेळते. आलेला बॉल उचलायचा आणि पार समोरच्या टोकाला, फर्स्ट बेसवरच्या सायलीला द्यायचा. दीड महिन्यापूर्वी माझा एक थ्रो तिच्या ग्लव्हला घासून थेट तोंडावर बसला. ओठाला तीन टाके पडले. आठवड्याभरात ती हसत परत आली, माझा हात मात्र आला नाही. तेव्हापासून माझा प्रत्येक थ्रो तिच्यापासून हातभर लांबून जायचा.

काय काय नाही केलं मी... व्हिडिओ बघून कोपर वर घेतलं, मनगट सैल सोडलं, स्वतःला स्लो मोशनमध्ये शूट केलं. उपयोग शून्य. कोच सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रविवारी जमलं नाही तर थर्ड बेसला दुसरी मुलगी.

तेवढ्यात बाबांची हाक. पावसाआधी छपरावरची कौलं परतायची, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायची होती. खालून एकेक कौल वर फेकायचं काम दरवर्षी दादाचं, पण यंदा त्याला मुंबईहून रजाच मिळाली नाही. म्हणून बाबा वर छपरावर आणि खाली अंगणात मी. खरं सांगते, भयंकर चिडचिड झाली. उद्या ट्रायल आणि आज हे!

पहिलंच कौल बाबांच्या हातापासून वीतभर लांब गेलं आणि अंगणात येऊन फुटलं. दुसऱ्याचंही तेच. ते पकडायला बाबा वाशावरून इतके वाकले, की मी ओरडलेच.

"बाय, फेकताना मान कुठं वळवतंस? माझ्याकडं बघ."

"तुम्हाला लागेल ना, बाबा!"

"बघितलंस नाय तर लागेल. फुटलं तर कौल फुटेल, मी नाय फुटत."

मी तिथेच थांबले. मान? मला वाटत होतं चूक हातात आहे. दीड महिना मी हातच तपासत होते...

तिसरं कौल उचललं आणि बाबांच्या छातीवरून नजर हलवली नाही. पाऊल आपोआप त्यांच्याकडे पडलं आणि कौल अलगद त्यांच्या हातात गेलं. मग दुपारपर्यंत तेच. कौल दोन्ही हातांनी खालून फेकायचं, बॉल एका हाताने वरून, हे मलाही कळतं. पण नजर आणि पाऊल तेच की!

रविवारी ट्रायलला फर्स्ट बेसवर सायलीच होती. तिच्या ओठावरच्या त्या बारीक रेषेकडे मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. रडूच येणार होतं. पहिला थ्रो तिच्या पुढ्यात टप्पा पडून गेला, तिने तोही उचलला. दुसरा छातीवर. त्यानंतरचे बहुतेक सगळे छातीवर.

यादी बुधवारी लागणार आहे. तोवर मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय, आई वैतागलीय. फुटलेली दोन कौलं बाबांनी तशीच पायरीवर ठेवलीत, मला चिडवायला.

थँक यू, बाबा. आणि सायली, दीड महिना मी तोंड फिरवून बॉल फेकत होते... आणि ज्या तोंडावर टाके पडले होते, ते तू एकदाही फिरवलं नाहीस.