तोंड नसलेलं सोंग

यंदा धुळवडीला दारात मुलांचा घोळका आला, तेव्हा माझ्या हातात गोळ्यांची पिशवी होती. तांदूळ-गूळ आता कोणी घेत नाही, असं आई म्हणाली होती. घोळक्यात सहा राक्षस होते. खोपोलीच्या बाजारात दोरीला टांगलेले असतात तसे प्लास्टिकचे मुखवटे, सगळ्यांचे दात सारखेच बाहेर आलेले. "आंटी, लवकर," एक राक्षस म्हणाला. मी पंचवीस वर्षांची आहे. त्या 'आंटी'ने मी दचकले आणि तेवढ्यात गोळ्या घेऊन ते शेजारच्या दारात पोचलेसुद्धा. मुखवट्यामागे कोण आहे, हे मी ओळखावं असं त्यांच्यातल्या कोणालाही वाटत नव्हतं.

आमच्या लहानपणी सगळी गंमत ओळखण्यातच होती. आमचं गाव लोधिवलीच्या पुढे, हमरस्त्यापासून आत. धुळवडीच्या दुपारी पोरं आणि बाप्ये सोंगं घेऊन दारोदार फिरायची आणि पोस्त मागायची. पोस्त म्हणजे शिमग्याचा वाटा: तांदूळ, गुळाचा खडा, खोबऱ्याचा तुकडा. मुखवटे घरी केलेले, पुठ्ठ्याचे नाहीतर सुपारीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या बुंध्याच्या रुंद सालीचे. दाढीला ताग. काही सोंगं राक्षसांची असत, पण खरी मजा गावातल्याच माणसांच्या सोंगांची. तलाठी, वैदू, नव्या सायकलवाला जावई, कोणालाही सोडत नसत. सोंगाने बोलायचं नाही, बोललं की बाद. घरच्यांनी दोन गोष्टी ओळखायच्या: सोंग कोणाचं आहे आणि आत कोण आहे. ओळखलं तर सोंग बाद, मुखवटा काढायचा आणि एक मूठ घ्यायची; नाही ओळखलं तर दोन.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. वडिलांची भातगिरणी बरी चालत होती, म्हणून त्यांनी मला घाटावरच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात ठेवलं होतं. सुट्टीला घरी आले की मी पुस्तक घेऊन आत बसायची. माणसांपुढे माझी जीभ टाळूला चिकटायची. मराठीत बोलावं तर मधेच इंग्रजी शब्द यायचा आणि समोरचा हसेल या भीतीने मी वाक्य अर्धंच सोडायची. आईला हे डाचत होतं. म्हणून त्या वर्षी तिने पोस्ताचं सूप माझ्या हातात दिलं आणि मला ओट्यावर उभं केलं. चार लोकांशी बोलायला लागेल तेव्हा बोलशील, असं तिचं म्हणणं.

पहिली तीन सोंगं मी ओळखली, म्हणजे आई मागून पुटपुटली ते मी मोठ्याने म्हटलं. मग चौथं आलं.

अंगात पांढरा सदरा, निळा परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. मनगटाला ताडाच्या पानाचं घड्याळ, पाठीवर तागाची वेणी. मुखवटा चुन्याने पांढराफटक केलेला. त्याला डोळे होते, नाक होतं, तोंड काढलेलंच नव्हतं. ते सोंग मान खाली घालून अंगणातून चाललं. एकाने त्याला हाक मारली तर त्याने घड्याळात बघितलं. दुसऱ्याने काही विचारलं तर वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ते बाजूला सरकलं. अंगणात हशा पिकला.

मला वाटलं, दवाखान्यात नवीन नर्स आली आहे तिचं सोंग. तसं मी म्हटलंही.

हसणं आणखी वाढलं. गिरणीवर पोती उचलणारे एक म्हातारे बाबा उंबराखाली बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तू आरशात बघत नाय का गं?"

मला कळायला थोडा वेळ लागला: पांढरा सदरा, निळा परकर, हा माझ्याच शाळेचा गणवेश. वेणीचं टोक तेव्हाही माझ्या बोटाला गुंडाळलेलं होतं. मी ते सोडलं. हात कुठे ठेवावेत ते कळेना. गाव मला असं बघत होतं, आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. मागून आईचाही आवाज येईना.

"आता आत कोण हाय ते तरी वळख," कोणीतरी म्हणालं.

सोंगाने पोस्तासाठी ओंजळ पुढे केली, आणि डाव्या अंगठ्याखाली मला भाजल्याचा डाग दिसला. तो डाग मला माहीत होता. मी आठ वर्षांची असताना मी आणि माझ्या मैत्रिणीने गिरणीमागे चिंचोके भाजले होते, तेव्हाचा. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आमच्या मागच्या आळीत राहायची. मी घाटावर जाईपर्यंत आम्ही एकमेकींशिवाय जेवत नव्हतो.

हा दुसरा धक्का पहिल्याहून मोठा होता. आमच्याकडे बायका-मुली सोंग घेत नाहीत. तिचं लग्न ठरलं होतं, पळसदरीला. होणाऱ्या सासरचे दोघे पाहुणे त्याच अंगणात, म्हाताऱ्या बाबांशेजारी बसून हसत होते. मी तिचं नाव घेतलं असतं तर खेळाच्या नियमाने तिला मुखवटा काढावा लागला असता.

नाव अगदी ओठांवर आलं होतं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एका शब्दात तिचं हसं झालं असतं, आणि बहुधा लग्नही मोडलं असतं. तिने डागाचा अंगठा ओंजळीत दुमडला. मी ओळखलं आहे, हे तिला कळलं होतं.

"नाही ओळखलं," मी म्हटलं, आणि दोन मुठी घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. तीन सुट्ट्यांत एकदाही गेले नव्हते. ती अंगण सारवत होती. तिने वर बघितलं नाही.

"काल वळखलंस तू," ती म्हणाली.

"हो."

"मग बोलली का नाय?"

"तू बाद झाली असतीस."

तिने शेणाचा आणखी एक हात फिरवला. मग तिने ऐकवलं की मी तीनदा सुट्टीला आले आणि तीनदा तिच्या दारावरून मान खाली घालून गेले. तिला वाटलं, इंग्रजी शिकली, आता आमी हिच्या लेखी कोण. मी म्हटलं की मला बोलायची भीती वाटायची, तुझीसुद्धा. तिला ते खरं वाटलं नसावं.

शेवटी मी विचारलं, "मुखवट्याला तोंड का नाही काढलंस?"

मला वाटलं होतं, ती टोमणा मारेल. पण तिने हात खाली टेकले आणि अगदी साधेपणाने सांगितलं.

"काढायला बसले गं. पण तुझं तोंड बोलताना कसं दिसतं, तेच आठवेना."

मी ओल्या अंगणाच्या कडेला, दगडावर बसले. वसतिगृहातल्या पातळ आमटीपासून बोलायला सुरुवात केली. एक इंग्रजी शब्द आला. ती हसली, आणि मी वाक्य पुरं केलं. ती सारवत सारवत दारापर्यंत पोचली, मग हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसली, तरी मी बोलतच होते. वैशाखात लग्न होऊन ती पळसदरीला गेली.