रंगवलेला व्हॉल्व्ह

अणुभट्टीच्या घुमटावर पाण्याची मोठी टाकी असते. वीज गेली, पंप थांबले, तरी ते पाणी आपल्याच वजनाने खाली उतरून घुमट थंड ठेवतं. भट्टी सुरू होण्याआधी मी तपासणीला वर चढले, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी दिलेल्या ताज्या रंगात घट्ट चिकटलेला.

"मॅडम, तपासणीच्या कागदावर सही करा. पाणी उताराकडे धावणारच," प्रकल्पाचे प्रमुख साहेब म्हणाले.

पाणी इमानाने खाली यायला तयार, आणि आम्हीच त्याची वाट बंद करून वर रंग दिलेला. मी सही केली नाही. फिटर सावंतकाकांनी रंग खरवडून व्हॉल्व्ह मोकळा केला.

आठवड्याने साहेबांनी माझ्या बदलीचा कागद पुढे सरकवला.

"साहेब, तुम्ही राहता कुठे?"

"शहरात, इथून तासभर लांब. का?"

"सावंतकाकांचं घर या खिडकीतून दिसतं," मी म्हणाले.