ताईच्या सासऱ्यांचे देव

लोणावळ्यात देव जितक्या वेळा येतो तितका तो पृथ्वीवर दुसरीकडे कुठंही येत नसावा, असं माझं ठाम मत आहे, आणि या मताला माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे पूर्णपणे जबाबदार आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेला हा उंच, सडपातळ, कडक इस्त्रीच्या लेंगा-सदऱ्यातला माणूस दाराची बेल वाजली की हातातला चहा तसाच ठेवून उठायचा आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "देव आलाय, दार उघडा!" दारात विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असायचा, नाहीतर पाण्याचा फिल्टर विकणारी एखादी घामाघूम मुलगी. "ये देवा, आत ये. पाय पुसत बसू नकोस, तसाच ये." आणि ताई, जिनं नुकतीच फरशी पुसलेली असायची, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे मिटून घ्यायची. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या पोरानं तर या देवपणाची इतकी धास्ती घेतली होती की तो फाटकाशीच सिलिंडर टेकवून, बेल दाबून पळत सुटायचा. अण्णा (घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, म्हणून मीही) पोह्यांची बशी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या मागं जायचे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "भेट उगाच होत नसते रे. कुणीतरी पाठवलेलं असतं. काम काय आहे तेवढं आपण ओळखायचं." हे काम ओळखण्याची त्यांना इतकी घाई असायची की समोरच्याला काम आहे की नाही हे विचारायचं राहून जाई. मळवलीच्या स्टेशनवर त्यांनी एकदा एका बाईंची बॅग न विचारता उचलली आणि जिन्यावरून भराभरा निघाले. बाईंनी "चोर, चोर" म्हणून असा काही आवाज लावला की फलाटावरचा पोलीस धावत आला. अण्णा त्याच्याकडे बघून प्रसन्नपणे हसले आणि म्हणाले, "देवा, तू तुझं काम चोख करतोयस." पोलिसानं आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले असतील, पण असा आशीर्वाद देणारा पहिलाच. तो इतका ओशाळला की अण्णांचा दंड सोडावा की धरून ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी निरोप आल्यावर तळेगावच्या माझ्या घरून मी गेलो, बाईंची माफी मागितली, पोलिसाची माफी मागितली. अण्णा तेवढ्यात एका आजोबांना बाकावर बसवत होते. आजोबांना बसायचं नव्हतं. त्यांची गाडी सुटत होती.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही तर मी टाळत आलेली गोष्ट. रविवारी पर्यटकांच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, आतले लोक एकमेकांवर ओरडत असतात. अशाच एका गाडीतून उतरून एक नवरा बायकोशी कडाकडा भांडत होता. अण्णांनी जाऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरली. काही बोलले नाहीत, नुसती धरली. तो डावीकडं सरकला, छत्री डावीकडं. तो उजवीकडं वळला, छत्री उजवीकडं. बायकोला हसू फुटलं आणि भांडण मोडलं हे खरं, पण तो नवरा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. मी समोरच्या चिक्कीच्या दुकानात पाठ करून उभा होतो आणि नको असलेली शेंगदाण्याची चिक्की फार बारकाईनं निवडत होतो.

सगळ्यात कहर झाला तो भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा. नेमका त्याच वेळी गच्चीवरची टाकी धुऊन एक तरुण पोरगा खाली उतरला. अण्णांनी त्याला ओल्या विजारीनिशी दिवाणखान्यात नेऊन मुलाच्या वडिलांशेजारी बसवला. वडिलांना वाटलं हे मुलीचे मामा. त्यांनी उठून नमस्कार केला. त्या पोरानंही केला. खरा मामा, म्हणजे मी, दारात पोह्यांचा ट्रे धरून उभा होतो. त्या पोरानं बशी हातात घेतली, पण त्याच्यानं घास काही उचलवेना. तो सारखा स्वतःच्या पायांखाली साचलेल्या पाण्याकडं बघत होता.

एवढ्या देवांच्या सहवासात राहून अण्णांनी एक नियम मात्र कडक पाळला होता. कुणाकडून काही घ्यायचं नाही. बसमध्ये कुणी जागा दिली तर ते चालू बसमध्ये दोन दांड्या पुढं जाऊन उभे राहायचे. ताप आला तर दार लावून झोपायचे आणि आतून सांगायचे, "वाचतोय." स्वतःचं ताट स्वतः घासायचे, सुनेला पेला विसळू द्यायचे नाहीत. "मला अजून कुणाची गरज नाही," हे वाक्य ते इतक्या नम्रपणे म्हणायचे की त्यातली ऐट आमच्यापैकी कुणाच्या कधी लक्षात आली नाही. त्यांच्या तर नाहीच नाही.

मग एका आषाढात त्यांचा कुरवंडे गावचा दूधवाला दोन दिवस आला नाही. त्याला आपली गरज आहे असं ठरवून अण्णा सकाळीच स्कूटर घेऊन वर गेले. दूधवाला खुशाल होता, मेहुण्याच्या घरी गेला होता. परत फिरताना धुक्यात नागफणीच्या कड्याकडं निघालेली दोन शहरी मुलं दिसली. अण्णांना हुरूप आला. मुलं म्हणत होती, "अंकल, मॅप आहे आमच्याकडे." पण अण्णा स्कूटर बाजूला लावून त्यांच्या पुढं चालायला लागले होते, आणि मागं वळून वाट समजावून सांगत असतानाच शेवाळावरून त्यांचा पाय सटकला. घोट्याचं हाड मोडलं.

मुलं चांगली होती. एकजण त्यांच्यापाशी थांबला, दुसरा खाली खाचरात भात लावणाऱ्या एका जोडप्याला बोलावून घेऊन आला. ठाकरवाडीतली ती दोघं, हौसाबाई आणि तिचा नवरा. त्यांनी बाज आणली आणि अण्णांना त्या बाजेवर घालून आपल्या घरी नेलं. तोवर पावसानं असा जोर धरला की वाडीकडचा ओढा वाटेवरून वाहायला लागला आणि गाडी येण्याची शक्यता संपली. मुलांनी रेंज मिळाल्यावर ताईला फोन केला. दाजी परगावी होते, म्हणून ताईनं मला. दुपारी मी कुणाकुणाचे हात धरून, कमरेएवढ्या पाण्यातून तो ओढा ओलांडला.

घरात शिरलो तर अण्णा भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडले होते. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, आणि कमरेला हौसाबाईचं हिरवं लुगडं गुंडाळलेलं. बाहेर वळचणीला त्यांचा लेंगा धुऊन टाकला होता. वेदनेनं आणि भीतीनं पडल्या जागीच तो खराब झाला होता, हे मला न विचारता कळलं.

"अण्णा," मी म्हणालो.

ते वळले नाहीत. "तू कशाला आलास? घरी सांगू नकोस."

"पाय मोडल्याचं त्यांना माहीत आहे."

"पायाचं नाही." लुगड्याचा काठ त्यांनी मुठीत आवळला. "याचं."

तेवढ्यात हौसाबाई आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. "तुमी आबांचे पावणे व्हय? लय हट्टी मानूस. सकाळधरनं पान्याचा घोट घेतला न्हाई. पानी प्यालं तर उटावं लागंल म्हनून."

पण पाणी न पिताही ती वेळ यायची ती आलीच. अण्णांचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. मी पुढं झालो तर हौसाबाईनं मला कोपरानं बाजूला केलं. "तुमाला न्हाई जमायचं, पाय हलंल." तिनं नवऱ्याला हाक मारली. अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"बाई, तुम्ही बाहेर जा. मी हात जोडतो तुम्हाला."

"हात मागनं जोडा," हौसाबाई म्हणाली. "आदी माज्या गळ्यात टाका."

मी बाहेर वळचणीला जाऊन उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता, एखाद्या आडमुठ्या बैलाला दमदाटी करावी तसा. मग पाणी ओतल्याचा आवाज. मी परत आत गेलो तेव्हा अण्णा बाजेवर होते, लुगडं बदललेलं होतं, आणि ती त्यांचे पाय कोरडे करत होती. माणूस सवयीनं बोलतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून तेच वाक्य आलं, आयुष्यभर दारात म्हटलेलं. "तुम्ही देव आहात."

हौसाबाईचा हात थांबला. ती खरोखर अवघडली. "असं नगा बोलू आबा. मला कसंतरीच व्हतं. लाज वाटती मानसाला." आणि मग, आपण जास्तच बोललो असं वाटून, ती हलकेच म्हणाली, "मानूस पडलं तर उचलायचंच की. त्यात काय एवडं?"

ती पुन्हा खाचरात गेली. लावणी अर्धी राहिली होती, रोपं उपटून ठेवलेली होती. अण्णा छपराकडं बघत होते.

"तिला लाज वाटली," ते म्हणाले.

मी बाजेच्या कडेला टेकलो.

"तो टाकीवाला मुलगा पाहुण्यांत बसला होता. त्यालाही वाटली असेल?"

"वाटली असेल."

"आणि तो गॅसवाला?"

"तो तर पळूनच जायचा, अण्णा."

एरवी ते हसले असते. "मला वाटायचं, लाजाळू आहे." त्यांनी मान भिंतीकडं वळवली. "समोरच्याला कसं वाटत असेल, हे माझ्या मनातच आलं नाही रे. मी वरून देत राहिलो. आज खाली पडलो, तेव्हा इथून कसं दिसतं ते कळलं."

त्यांच्या सुनेनं, मुलानं, नातीनं आणि मी मिळून त्यांच्यापायी जितकी लाज सोसली असेल, तितकी सगळी त्या एका दुपारी त्यांच्या चेहऱ्यावर होती. मला ते बघवेना.

दिवेलागणीला हौसाबाई चुलीपाशी भाकरी थापायला बसली. अण्णांनी दोनदा घसा खाकरला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "बाई, जरा पाणी द्याल?"

"उशालाच हाय की तांब्या," ती वळूनही न बघता म्हणाली. मग त्यांचा हात पुरत नाही हे दिसलं तशी पिठाच्या हातानं उठली आणि तांब्या त्यांच्या ओठांना लावला. अण्णांनी तो सगळा संपवला. त्या पाण्यामागून काय येणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, तरीही.

सकाळी ओढा उतरला आणि आम्ही त्यांना खाली आणलं. पाय बरा झाला, थोडं लंगडणं राहिलं. बेल वाजली की ते अजूनही उठतात, दार उघडतात, आणि "या, बसता का थोडं? चहा घेणार?" असं विचारतात. समोरचा नको म्हणाला तर बरं म्हणतात. सिलिंडरचा पोरगा हल्ली ओट्यापर्यंत येतो. ताई एकदा मला म्हणाली, "घर कसं शांत झालंय रे. इतकी वर्षं मी त्या आरोळीला वैतागत होते. आता बेल वाजली की मीच मनातल्या मनात म्हणून घेते."

महिन्यातून एखाद्या वेळी अण्णा ठाकरवाडीवर जातात. पहिल्यांदा मोठ्या आदबीनं नवं लुगडं घेऊन गेले होते. "ठिवा तितं," म्हणून हौसाबाईनं त्यांच्यासमोर सोलायच्या वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं होतं. गेल्या थंडीत त्यांना आणायला मीच गाडी घेऊन वर गेलो. ते पडवीत पोत्यावर बसले होते, मांडीवर कुणाचं तरी शेंबडं पोर झोपलेलं. हौसाबाईनं दिलेली नाचणीची भाकरी आणि ठेचा ते डोळ्यांत पाणी येईतो खात होते. आजूबाजूला त्यांच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. निघताना हौसाबाईच्या नवऱ्यानं त्यांना दंडाला धरून उठवलं, आणि त्यांनी उठवू दिलं.

घाटाच्या कडेनं आम्ही खाली येत होतो. ऊन उतरत होतं, खाचरं मोकळी पडली होती. मी गमतीनं विचारलं, "काय अण्णा, दिसला का देव आज?"

त्यांनी चटकन खिडकीकडं तोंड फिरवलं. लग्न ठरलेल्या मुलाला कुणी नाव घ्यायला सांगावं तशी त्यांच्या कानांवर लाली आली होती.

"असं विचारू नये रे," ते म्हणाले. "लाज वाटते."